आणखी थोडं उघडा

सर, तुमच्या अभ्यासातले पेशंट मी पुन्हा मोजते आहे. हे तुम्हाला तोंडावर सांगायला हवं होतं, पण तुम्ही होतात तेव्हा माझी हिंमत नव्हती, आणि आता तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. ज्या पेपरमुळे आपल्या विभागाचं नाव झालं, ज्यावर पहिलं नाव तुमचं आणि दुसरं माझं आहे, तो चुकीचा आहे हे मी दाखवणार आहे. त्याच जर्नलमध्ये, छापून. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग ताजा होता तेव्हा मी रोज सकाळी हाताचा व्यायाम करत होते. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहिते. क्रमानं लिहिलं की मला बरं वाटतं. गुटखा आणि सुपारी खाऊन गालाची आतली कातडी चामड्यासारखी ताठ झालेले, तोंडात दोन बोटंही जात नाहीत असे पेशंट आपल्या ओपीडीत रोज येतात. तुम्ही गालातले ते ताठ पट्टे कापायचात आणि उघड्या जखमेवर गालातलीच चरबी ओढून बसवायचात. हात सुरेख होता तुमचा, ते मी नाकारत नाही. जखम भरताना गाल पुन्हा आवळला जातो, म्हणून पेशंटनं दाढांच्या मधे लाकडी काड्या, आइस्क्रीमच्या असतात तशा, एकावर एक रचून धरायच्या आणि दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. हे दुखतं. बाकीचे सर्जन हा व्यायाम सहा महिने, कुणी वर्षभर करायला लावतात. तुमचं म्हणणं होतं की तुमच्या पद्धतीनं ऑपरेशन झालं तर तीन महिने पुरे. आपला पेपर म्हणजे हे एकच वाक्य होतं. आणि त्या वाक्याला आधार म्हणून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. आधीचं माप मी घ्यायचे. नंतरचं तुम्ही.

तो सोमवार मला चांगला आठवतो. ऑपरेशनला तीन महिने झालेला एक पेशंट खुर्चीत बसला आहे. मी त्याला तोंड उघडायला सांगते, आणखी थोडं म्हणते, अजून थोडं म्हणते, आणि त्याला जेवढं जमतं तेवढं मोजते. एकतीस. तुम्ही हातमोजे चढवत येता आणि विचारता, "किती?" मी सांगते. तुम्ही अंगठा त्याच्या वरच्या दातांवर ठेवता, तर्जनी खालच्या दातांवर, आणि कात्री उघडावी तशी बोटं फाकवता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं. पाय खुर्चीवर ताठ होतात. "वाच आता." मी वाचते. छत्तीस. "तुझ्या हातात जोर नाही, बाई," तुम्ही म्हणता, "मुलींचा हाच प्रॉब्लेम. लिही छत्तीस."

मी लिहिलं. आणि त्याच आठवड्यात गुलमंडीच्या बाजारात जाऊन पंजा दाबायची स्प्रिंग विकत आणली. होस्टेलच्या खोलीत राउंडला जायच्या आधी शंभर वेळा उजवा हात, शंभर वेळा डावा. मनगट सुजलं, तरी सोडलं नाही. कारण माझा हात खरोखरच कमजोर आहे असं मला वाटलं होतं. मी त्यानंतरही पेशंटचं तोंड बोटांनी फाकवलं नाही, ते माझ्याच्यानं होत नसे, आणि ते होत नाही हीसुद्धा मी माझी कमजोरीच समजत होते. सर, आकडे बदलणं ही एक गोष्ट आहे. एका बऱ्यापैकी हुशार मुलीला चार महिने स्प्रिंग दाबायला लावणं ही दुसरी. ही दुसरी गोष्ट मी माफ करणार नाही.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. ऑपरेशनच्या आधी मोजताना तुम्हीच सांगायचात, "दुखतं त्याला, जोर लावू नकोस, स्वतःहून उघडतो तेवढं लिही." म्हणजे आधीचं माप पेशंटचं, आणि नंतरचं माप पेशंट अधिक तुमची दोन बोटं. या दोन वेगळ्या गोष्टींची आपण वजाबाकी करत होतो आणि उत्तराला सुधारणा म्हणत होतो. मी राउंडमध्ये विचारलं, सगळ्यांसमोर, कारण एकटीनं केबिनमध्ये विचारायची मला भीती वाटत होती. "सर, आधीचं मापही असंच बोटांनी उघडून घेतलं असतं तर किती आलं असतं?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, पेशंटच्या केसपेपरकडे पाहत विचारलंत, "तुझे वडील काय करतात गं?"

तुम्हाला माहीत होतं. मी तरी सांगितलं, "वाळूजला कंपनीत आहेत, सर. इन्स्पेक्शनला."

"म्हणजे नट-बोल्ट मोजतात." मग सगळ्यांकडे वळून, "डॉक्टरीणबाई, ही माणसं आहेत. नट-बोल्ट मोजायची हौस असेल तर बापाचा डबा घेऊन जात जा वाळूजला. बसा दोघं मोजत."

सगळे हसले. सिस्टर हसल्या, हाताला सलाईन लावलेला पेशंटही, तोंड पुरतं उघडत नव्हतं तरी, हसला. मीही हसले. ते माझं हसणं मला आजही ऐकू येतं. त्या रविवारी बजाजनगरला घरी गेले तेव्हा वडील ओट्याजवळ उभे राहून चहा गाळत होते. म्हणाले, "काय गं, चेहरा असा का? सर ओरडले व्हय?" मी नाही म्हटलं. त्या माणसानं तीस वर्षांत एकही नग दाबून गेजमध्ये बसवला नव्हता. बसला तर पास, नाही तर लाल खोक्यात, मग लाईन बंद पडो की सुपरवायझर अंगावर येवो. त्यांच्या हाताखालून गेलेला कुठलाही बोल्ट तुमच्या छत्तीसपेक्षा खरा होता. हे वाक्य मी तेव्हापासून तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं.

मग छावणीतलं तुमचं घर. पेपर लिहायला तुम्ही मला रविवारी बोलावता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप, तुम्ही समोर, आणि काकू गॅसपाशी मुरमुऱ्यांचा सुशीला परतताहेत. हळद लागल्याचा वास येतो. तुम्ही आकडे सांगता, मी टाईप करते. काकू बशी माझ्या हाताशी ठेवतात आणि तुम्हाला म्हणतात, "अहो, आधी खाऊ द्या तिला. आकडे काय पळून चाललेत?"

"तिचं पोट आकड्यांनीच भरतं," तुम्ही म्हणता. "बाकी काही दिसत नाही तिला."

मापं कशी घेतली हे लिहायची वेळ येते तेव्हा मी एक पूर्ण वाक्य लिहिते: आधीचं माप पेशंटनं स्वतःहून उघडलेलं, नंतरचं माप हातानं उघडून. लॅपटॉप तुमच्याकडे वळवते. तुम्ही चष्मा कपाळावर सारून वाचता, आणि एका बोटानं वाक्याचा बराचसा भाग खोडून टाकता. उरतं ते एवढंच: तोंडाचं जास्तीत जास्त उघडणं मोजण्यात आलं. "सर, यातून वाचणाऱ्याला कळणार नाही," मी म्हणते. "ज्याला कळायचं त्याला कळतं," तुम्ही म्हणता आणि बशी पुढे ओढता. तुम्ही खोटं बोलत होतात की तुमचा तुमच्या बोटांवर खरोखरच एवढा विश्वास होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं विश्वास होता. त्यानं माझ्या दृष्टीनं काही फरक पडत नाही. आणि ती फाईल सेव्ह मी केली, हेही इथे लिहून ठेवते.

माझा निकाल लागला तेव्हा तुम्ही केबिनमधल्या खणातून तुमचा अंतर मोजायचा स्टीलचा व्हर्नियर काढून मला दिलात. रेक्झिनच्या काळ्या डबीत, आत लाल मखमल. तुमच्या सरांनी तो तुम्हाला दिला होता म्हणे. "आता तरी मापात राहा," असं म्हणून हसलात. मी वाकून नमस्कार केला. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. सेमिनार हॉलमध्ये तुमचा फोटो लागला, त्याला चंदनाचा हार. मी त्याच विभागात शिकवायला लागले, आणि तुमच्या फोटोखाली उभी राहून दोन बॅचेसना सांगितलं की या पद्धतीत व्यायाम तीन महिने पुरे. मुलांनी लिहून घेतलं. तुमच्यावर राग धरून असलेली मी तुमचंच वाक्य शिकवत होते, कारण त्यावर माझंही नाव होतं आणि नोकरीचा अर्ज करताना मी तो पेपर सगळ्यात वर लावला होता.

हे असंच चाललं असतं. पण त्या अभ्यासातला एक जण ओपीडीत परत आला, बजाजनगरचा, कंपनीत पेंटशॉपला असणारा. बायको सोबत. मी त्याला बसवलं, आणि तोंड उघडायला सांगितलं, आणि ते एका बोटाएवढं उघडलं. विचारलं, काड्यांचा व्यायाम कधी सोडला?

"सरांनीच सांगितलं व्हतं ना मॅडम," तो दातांच्या फटीतून बोलला. "मोजलं अन् म्हणले, बास, आता तू नॉर्मल. काड्या फेकून दे."

"म्या म्हणत व्हते फेकू नगा," बायको म्हणाली. "पण ह्यांना लई घाई. सरांनी सांगितलं म्हणल्यावर मपलं कोण ऐकतंय? आता भाकर दुधात कुस्करून घालते, लेकराला घालावी तशी." मग त्याच्याकडे न बघता मला, "जेवायला उघडत नाय, मॅडम. भांडायला बरोबर उघडतंय."

तो हसायला गेला आणि त्याचा गाल ताणला गेला. त्यानं गालावर हात धरला. गुटखा त्यानं पुन्हा धरला नव्हता, बायकोनं पोरांची शपथ घेऊन सांगितलं. तो फक्त तुमच्यावर विश्वास ठेवून थांबला होता. मी जुनी फाईल काढायला लावली. त्याच्या शेवटच्या फॉलोअपचा आकडा सदतीस होता, तुमच्या अक्षरात. खाली पेन्सिलनं, बारीक, माझ्या अक्षरात: बत्तीस. मी माझी मापं पेन्सिलनं लिहून ठेवत असे. तुम्ही ती खोडायला सांगितली होती. मी खोडली नव्हती, एकाही पानावर.

त्या दिवशी मी ठरवलं. रीतसर केलं सगळं: एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची संमती, जुन्या फायलींची यादी. अर्जात लिहिलं, पूर्वीच्या अभ्यासातील रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा. कमिटीतल्या एकानं कौतुक केलं, सरांचं काम पुढे नेताय म्हणून. मी हो म्हटलं. सर, गेल्या वर्षभरात मी जितकं मन लावून काम केलं तितकं तुमच्या हाताखाली कधी केलं नाही. बंद पडलेल्या नंबरांवरून नवे नंबर शोधले, गाव सोडलेल्यांचे भाऊ शोधले. प्रत्येक फाईल उघडताना आधी तुमचा आकडा बघायचा, मग खालची माझी पेन्सिल, आणि मग माणसाला समोर बसवून खरं माप. तुमचा आकडा पडताना पाहायला मला आवडत होतं. पडला की मी तो नीट अक्षरात लिहायचे.

शेंद्र्याचा एक पेशंट सुट्टी मिळत नाही म्हणून ओपीडीला येईना, तेव्हा मी आणि माझी ज्युनियर त्याच्या घरी गेलो. ज्युनियर पैठणकडची, दुसऱ्या वर्षाला आहे, बडबडी, आणि तुम्हाला तिनं फक्त फोटोत पाहिलं आहे. ओसरीवर खुर्ची टाकून मी त्याला मोजलं. चोवीस. तुमचा पस्तीस होता. मला आतून गार वाटलं. ज्युनियर तेवढ्यात फोनवर बोलून परत आली आणि म्हणाली, "मॅडम, मी घेऊ का एकदा, सराव म्हणून?" तिला माझं माप माहीत नव्हतं. मी म्हटलं, घे. ती त्याच्यासमोर वाकली, "हं काका, उघडा. आणखी थोडं. आणखी थोडं, येतंय येतंय, अजून एकदा." आणि वाचलं, "सत्तावीस."

मी पुन्हा व्हर्नियर लावला. सत्तावीसच होतं. परतीच्या वाटेवर गाडीत ती भीत भीत म्हणाली, "मॅडम, एक बोलू? तुम्ही त्यांना 'आणखी' म्हणालाच नाहीत. पहिल्यांदा जेवढं उघडलं तेवढंच वाचलं."

ती खरं बोलत होती. ओपीडीत रोज शंभरदा म्हणायचा शब्द या एका अभ्यासातल्या पेशंटना मी म्हणत नव्हते. कधी बंद केला ते मला सांगता येणार नाही. जोर लावायची गरज नव्हती मला. गप्प राहिलं की पुरत होतं.

मी माझी सगळी मापं बाद केली. बादच. नव्या कोऱ्या कागदावर फक्त पेशंटचा नंबर, जुना कुठलाही आकडा नाही, आणि मोजणार ज्युनियर. अभ्यास कशाबद्दल आहे हेही तिला पुरतं सांगितलं नाही. सगळ्यांना पुन्हा फोन केले. पेंटशॉपवाला म्हणाला, "मॅडम, आता मोजून मोजून दात पाडता का मपले?" त्याचं पुन्हा ऑपरेशन आम्ही करतो आहोत, ते वेगळं. बाकीचे कुरकुरत आले. मी शेजारच्या खोलीत बसून राहायचे आणि भिंतीपलीकडून मला फक्त तिचा आवाज यायचा: आणखी थोडं, काका. आणखी थोडं, दादा.

निकाल असा आहे, सर. तुमचं वाक्य पडतं. बहुतेकांचं तोंड तुमच्या शेवटच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी उघडतं, आणि ज्यांनी तुमचं न ऐकता व्यायाम चालू ठेवला ते जास्त बरे आहेत. पण मला हवा होता तेवढा मोठा आवाज होऊन ते पडत नाही. माझ्या बाद केलेल्या मापांनी झाला असता. पेपर तयार आहे, सोमवारी पाठवते आहे. मापं कशी घेतली त्या भागात मी तुमचं खोडलेलं वाक्य पूर्ण लिहिलं आहे, आणि पुढे हेही, की पहिल्या अभ्यासात ते वगळलं गेलं तेव्हा प्रस्तुत लेखिका त्यात सामील होती. त्याच आकड्यांवर मिळालेल्या माझ्या डिग्रीचं यानंतर काय करायचं ते विद्यापीठ ठरवेल. संदर्भांच्या यादीत पहिला क्रमांक तुमचा आहे. यापुढे तुमचा पेपर जो कोणी शोधेल त्याला माझाही सापडेल. तुमच्या नावाला मी कायमची चिकटले आहे, आणि हे मी जाणूनबुजून केलं आहे. काकूंना सांगितलेलं नाही. कुणीतरी सांगेलच. सुशील्याची ती बशी मला आठवते, आणि तरीही मी सोमवार पुढे ढकलणार नाही.

आता शेवटचं. यादीतला अखेरचा पेशंट गेल्या आठवड्यात आला, छावणीच्या बाजारात शिलाईचं दुकान असलेला. ज्युनियर मोजायच्या आधीच त्यानं तोंड उघडून दाखवलं. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं, "देखो बेटा, अख्खी पानीपुरी जाती. घरवाली बोलती, इतना बडा मुंह कायको खोलते." तिनं विचारलं, व्यायाम किती दिवस केला? "सर बोले तीन महिने, तो तीन महिने. एक दिन जास्ती नै किया." मग तिचा खुशीतला आवाज, "मॅडम, बेचाळीस!"

मी उठून त्या खोलीत गेले. माणूस खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता, गालावर कुठं ताठपणा नाही, सगळे दात दिसतील असा हसत होता. कुठल्याही डॉक्टरला बरं वाटलं असतं. मला वाटलं नाही. मी ज्युनियरला म्हणाले, "पुन्हा मोज." तिनं मोजलं. बेचाळीस. मी म्हणाले, "पुन्हा." तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या माणसानंही हसणं थांबवून विचारलं, "क्या हुआ मॅडम, कुछ खराब है क्या?"

मी नाही म्हटलं. बेचाळीस लिहिलं. त्याचं तोंड पुन्हा आवळून बंद झालेलं असतं तर मला आवडलं असतं, हे पेपरमध्ये लिहायला कुठला रकाना नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. तुम्ही जिवंत असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं.